हसू यायच्या आधी

घरात दोघी बहिणी, त्यातली ही दुसरी, म्हणून धाकटी. तिशी कधीच मागे पडली, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले, तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नाही. आई तीच हाक मारायची, शेजारीपाजारी तीच, आणि थोरलीने तिला हॉस्पिटलच्या बिलाच्या काउंटरवर चिकटवून दिलं तेव्हा तिथल्या लोकांनीही तेच नाव उचललं. धाकट्या माणसाने काही ठरवलं की घरचे आधी हसून घेतात, मग ऐकतात. 'मी काउंटर सोडतेय आणि फोटोग्राफी शिकायला जातेय,' असं तिने एका दुपारी जेवताना जाहीर केलं, तेव्हा आईला ठसका लागला आणि थोरली खो खो हसली. हसता हसता तिने धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"अगं, या वयात लोकांच्या लग्नात कॅमेरा घेऊन पळणार का तू?"

"लग्नं नाहीत. पोर्ट्रेट. नुसते चेहरे. सर शिकवणार आहेत, मी बोलून आलेय."

चेहऱ्यांचे फोटो म्हटलं की गावात एकाच माणसाचं नाव निघायचं आणि त्यांना सगळे सर म्हणायचे. वकील, प्राध्यापक, दुकानांचे मालक, ज्यांना कुणाला आपला फोटो भिंतीवर टांगायचा असेल ते सरांकडे जात. त्यांच्याकडे दोन वर्षं उमेदवारी करायची, पगार नाही, पण पुढे कुठल्याही स्टुडिओत सरांचं नाव सांगायचं आणि आत जायचं.

थोरलीने आधी आईला पाणी दिलं. घर तीच ओढत होती, आईची दुखणीखुपणी तीच काढत होती. शेवटी म्हणाली, "दोन वर्षं. तोपर्यंत मी रेटते. त्यानंतर एक तर तू फोटोग्राफर होऊन दाखव, नाही तर गुपचूप काउंटरवर येऊन बस. माझीही कंबर आता तक्रारी करायला लागलीय गं."

धाकटीने मान डोलावली. बिलं फाडत आयुष्य काढायचं नाही, एवढीच तिची धडपड होती, आणि त्यासाठी तिच्या हातात आता ही दोन वर्षं होती.

स्टुडिओ चपलांच्या दुकानाच्या वर होता. जिना चढताना नव्या चामड्याचा वास यायचा. वर एक लांबट खोली, शेवटच्या भिंतीवर राखाडी पडद्याची गुंडाळी, तिच्यासमोर उंच पाठीची खुर्ची, दोन्ही बाजूंना लाइट. मोठ्या लाइटच्या पांढऱ्या कापडाला एक भोक पडलं होतं, त्यावर चिकटपट्टी. बाजूच्या छोट्या खोलीत आरसा आणि दोरीने बांधलेला कंगवा, कारण बँकेचे मॅनेजरसुद्धा कंगवे खिशात घालून नेतात असा सरांचा अनुभव.

सरांची काम करायची पद्धत पाहून धाकटी पहिल्याच दिवशी गार झाली. कॅमेरा ट्रायपॉडवर. सर त्याच्या बाजूला उभे, शटरची वायर मुठीत. कॅमेऱ्यात डोकवायचं नावच नाही. गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि मधेच अंगठा दाबायचा. गिऱ्हाइकं बाहेर जाऊन सांगायची, "सरांना बघावंसुद्धा लागत नाही हो!" आपण काय बोलून गेलो, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार.

सुरुवातीला तिने पडदे गुंडाळले, वायरी गुंडाळल्या, चहा केला. मग सर तिला प्रश्न विचारायला लागले. "डावा डोळा शार्प आहे का बघ." "कपाळ चमकतंय का?" "नाकाची सावली कुठवर आलीय?" ती बघून सांगायची. चुकली तर सर परत बघायला लावायचे, बरोबर आलं तर "हूं" म्हणायचे. त्या हुंकारासाठी धाकटी जीव टाकायची. घरी येऊन थोरलीला सांगायची, "सर स्वतः काही सांगत नाहीत, मलाच विचारून विचारून शिकवतात." थोरली म्हणायची, "भाग्यवान आहेस. आमचे साहेब नुसते ओरडतात."

मग कोटाचा प्रकार झाला.

एक गलेलठ्ठ व्यापारी आला होता. त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीला घातला आणि केस विंचरायला आत गेला. सर वायर घेऊन उभे राहिले. म्हणाले, "हनुवटी जरा खाली. हां. आता खांदे सैल सोडा, एवढे ताठ नका बसू."

खुर्चीवर नुसता कोट होता. धाकटीला वाटलं सर गंमत करतायत, आणि ती फिसकन हसली.

"गिऱ्हाइकासमोर हसतेस?" सर दबक्या आवाजात खेकसले. मग परत कोटाकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "लक्ष देऊ नका, नवीन आहे ती."

तेवढ्यात व्यापारी भांग सारखा करत बाहेर आला. सरांनी त्याच्या पावलांच्या दिशेने मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला धाकटीने पाहिला.

व्यापारी गेल्यावर सर त्याच खुर्चीत बसले. "मधलं गेलंय," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. दार दिसतं, तुझी चप्पल दिसते. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. तुझा चेहरा कसा आहे ते मला माहीत नाही."

"कधीपासून, सर?"

"तू यायच्या आधीपासून."

म्हणजे ते प्रश्न शिकवण्यासाठी नव्हतेच. आपण उत्तरं देत होतो आणि सरांचं दुकान चालत होतं. हे तिला त्याच क्षणी कळलं, आणि खरं तर त्याच क्षणी तिने पर्स उचलून जिना उतरायला हवा होता. पण सर म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. माझ्या मुलाला कळलं तर दुसऱ्या दिवशी कुलूप लावेल. तुझे डोळे आणि माझी विद्या, दोघांचं निभेल. जे मला येतं ते सगळं तुला देईन." आजवर धाकटीला कुणी काही गुपित म्हणून सांगितलं नव्हतं, घरातलं प्रत्येक गुपित तिला सगळ्यात शेवटी कळायचं. ती थांबली.

सर वाईट होते का? मला विचाराल तर होते, थोडेसे. पण शब्दाचे पक्के होते. त्यांनी शिकवलं. प्रकाश कुठून आला की गाल भरतो, कुठून आला की म्हातारपण दिसतं, चष्म्यातली चमक कशी घालवायची, घाबरलेल्या माणसाचे हात कुठे ठेवायचे, सगळं. त्यांनी तिला चेहऱ्याची वाट बघायला शिकवलं. माणूस हसायच्या आधी डोळ्यांखालची कातडी हलते, बोलायच्या आधी गळा हलतो, रडू आवरताना नाकपुड्या आखडतात. वर्षभरात ती समोरच्याच्या चेहऱ्यावर पुढे काय येणार ते ओळखायला लागली. तिच्या वाट्याला एकच गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे शटर.

त्यांची रीत अशी ठरली. सर वायर घेऊन उभे राहणार, धाकटी त्यांच्या मागे, तिचं बोट त्यांच्या खांद्यावर. क्षण आला की तिने बोट दाबायचं, की सरांनी अंगठा. लोकांना वाटायचं मुलगी म्हाताऱ्याला आधार देतेय. एक बाई तर म्हणाल्या, "गुणाची आहे हो तुमची लेक." सरांनी ती चूक दुरुस्त केली नाही आणि धाकटीलाही करावीशी वाटली नाही.

पहिले काही आठवडे फोटो वाया गेले. तिने हसू पाहून बोट दाबावं, ते सरांना जाणवावं, मग त्यांचा थकलेला अंगठा हलावा, तोवर हसू विरून जायचं. माणसं उरल्यासुरल्या हसण्यात अडकलेली दिसायची. सर चिडायचे. मग धाकटीने युक्ती काढली. दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करावा, तसं ती हसू यायच्या आधी बोट दाबायला लागली. किती आधी, ते सरांच्या अंगठ्याप्रमाणे. सकाळी तो जरा चपळ असायचा, दुपारनंतर जड. तिला त्याचाही अंदाज आला. त्यानंतर असे फोटो निघाले की लोक म्हणाले, सरांचा हात म्हातारपणी उलट तरुण झाला.

"एखादा मी काढू का, सर?" असं तिने दोन-चारदा विचारून पाहिलं. सर म्हणायचे, "घाई काय आहे? लोक माझ्या हाताला पैसे देतात." एकदा ती हट्टाला पेटली तेव्हा त्यांनी वायर टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मग मी इथे कशाला उभा राहू?" तिने वायर उचलून त्यांच्या मुठीत दिली.

घरी तिच्याकडे एक जुनापाना कॅमेरा होता. सुट्टीच्या दिवशी ती खिडकी काढायची, ओट्यावरची भांडी, दाराआडच्या केरसुणीवरचा उजेड. फोटो सुरेख यायचे. माणूस म्हणून हाताशी आई. पण कॅमेरा दिसला की आई अशी बसायची जसं कुणी तिचा पंचनामा करतंय. ना पापणी हलायची ना ओठ. तिचा फोटो आधी काढा नाही तर नंतर काढा, फरक शून्य. थोरलीचा काढावा म्हटलं तर ती तोंडावर पदर घ्यायची, "आधी झोपू दे, मग काढ." तेव्हा धाकटीला आपल्या हाताला काय झालंय ते कळायचं काही कारणच नव्हतं.

दुसरं वर्ष संपत आलं आणि सरांच्या कडाही गेल्या. एकदा लाइटचा स्टँड त्यांच्या पायात आला आणि एका बाईंच्या खुर्चीशेजारी धाडकन आडवा झाला. बाईंना खरचटलंही नाही, पण गोष्ट मुलापर्यंत गेली. तो आला, बापाशी चढ्या आवाजात बोलला, मग जिन्यात बसून रडला, आणि स्टुडिओला कुलूप लागलं.

"तू काळजी करू नकोस," सर धाकटीला म्हणाले. "नव्या रस्त्यावरच्या स्टुडिओतल्या बाईंना माझं काम माहीत आहे. मी फोन करतो."

त्यांनी फोन केला, आणि बाईंनी बोलावलंही. आदल्या दिवशी थोरलीने स्वतःची ठेवणीतली साडी काढून दिली. म्हणाली, "काउंटरची जागा त्यांनी अजून भरलेली नाही. मी विषय काढला नाही, पण तेही काही म्हणाले नाहीत." आणि सकाळी धाकटीच्या पदराला पिन लावता लावता, "पण तुझं होईल गं." थोरली असं कधी बोलत नसे.

नव्या स्टुडिओतल्या बाई कामाशी काम ठेवणाऱ्या होत्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. धाकटीने नेलेले प्रिंट त्यांनी टेबलावर पसरले आणि हळूच म्हणाल्या, "वा." मग मान वर करून म्हणाल्या, "हे सरांचे झाले. तुमचे?"

धाकटीने खिडकी दाखवली, भांडी दाखवली, आई दाखवली.

"माणसं नाहीत?"

"हे... यात मीसुद्धा होते," धाकटी म्हणाली. पुढे तिला सांगता येईना. सरांनी कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, आणि सांगितलं तरी खरं कोण मानणार.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "एक दातांचे डॉक्टर येतायत, दवाखान्यात लावायला फोटो हवाय. तुम्ही काढा. चांगला आला तर उद्यापासून या."

डॉक्टर आले, ओठ घट्ट मिटून. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडणारा हा माणूस स्वतःचं उघडायला तयार नव्हता. धाकटीने लाइट लावले. गाल भरला, सावली ओठाच्या कोपऱ्याशी येऊन थांबली, चष्मा स्वच्छ झाला. बाई मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या, त्या जवळ आल्या. तिथले दोघे-तिघेजण आपली कामं सोडून बघायला लागले. धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिने कॅमेरा हातात घेतला.

"डॉक्टर, पेशंट तुमच्याशी सगळ्यात मोठं खोटं कोणतं बोलतात?"

"रोज दोनदा ब्रश करतो," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच इतकं हसू आलं की ते खुर्चीत हलायला लागले. काय हसले! धाकटीने ते हसू येताना पाहिलं, डोळ्यांखालची कातडी हलताना पाहिली, आणि दाबलं. पुन्हा काहीतरी विचारलं, पुन्हा दाबलं. कितीतरी काढले. आजवर इतकी सुखात ती कधी नव्हती.

बाई संगणकावर बसून एकेक पुढे सरकवायला लागल्या. डॉक्टरांचे डोळे अर्धवट मिटलेले. पुढचा. ओठ वाकडा, उघडायच्या बेतात. पुढचा. शिंक येणाऱ्या माणसासारखा चेहरा.

"याच्या पुढचा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

पुढचाही तसाच होता. सगळे तसेच. प्रत्येक फोटोत डॉक्टर हसणार होते, एकातही हसले नव्हते.

धाकटी संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. ते हसू तिने पाहिलं होतं, दातांसकट, आणि ते कुठेच नव्हतं. मग तिचं लक्ष स्वतःच्या बोटाकडे गेलं आणि तिला सगळं कळलं. दोन वर्षं ते बोट दुसऱ्याच्या अंगठ्याला वेळ देत आलं होतं. आताही त्याने वेळ दिला होता, आणि मध्ये कुणी नव्हतं.

"अजून एकदा काढू द्या," ती म्हणाली. डॉक्टर भले होते, परत बसले. या वेळी तिने मुद्दाम थांबून दाबलं, आणि हसू निघून गेल्यावरचे चेहरे आले. मग मध्येच कुठेतरी दाबलं. मग आपण केव्हा दाबतोय हेच तिला कळेना, आणि डॉक्टरांनी नाइलाजाने घड्याळ पाहिलं. बाईंनी तिच्या हातातून कॅमेरा घेतला, एका दमात डॉक्टरांचा फोटो काढला आणि त्यांना वाटेला लावलं. फोटो साधाच होता. पण डॉक्टर हसत होते.

"तुमचा प्रकाश फार सुंदर आहे," बाई म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या, म्हणून ते जास्त लागलं. "आमचे लोक फोटो काढतील, तुम्ही लाइट लावत जा. विचार करा. या वयात वळण पडलेला हात बदलणं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. जाताना तिच्या फोटोंपैकी एकाचा प्रिंट काढून दिला, प्रकाशासाठी म्हणून.

बसमध्ये धाकटीने मनातल्या मनात सरांशी जोरदार भांडण केलं. तुम्ही मला शिकवलं नाहीत, आंधळ्याची काठी करून ठेवलीत. तुमचा हात तरुण दिसावा म्हणून माझा मोडलात. माझी दोन वर्षं खाल्लीत, आणि माझ्या बहिणीची पण. उतरल्या उतरल्या तोंडावर सांगायचं, असं तिने पक्कं केलं. दुसऱ्याच्या मागे उभं राहून लाइट लावायचे, म्हणजे पुन्हा तेच, खांदा तेवढा बदलला. त्यापेक्षा काउंटर बरं. तिला रडू येत नव्हतं, याचीच भीती वाटत होती.

सर त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून होते. केस पाणी लावून बसवलेले, सदरा इस्त्रीचा, पण बटणं एका घराने चुकलेली. तिची पावलं ऐकून उठायला गेले.

"आलीस? झालं? आणलास फोटो?"

तिने प्रिंट त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चेहऱ्याजवळ नेला, मान कलती केली, दुसरीकडे कलती केली, मग तिच्याकडे परत केला.

"सांग, काय आहे यात. नाकाची सावली?"

"ओठाच्या कोपऱ्याशी थांबलीय, सर."

"चष्मा?"

"चमक नाही."

"शाब्बास. डोळे?"

धाकटीने प्रिंटकडे पाहिलं. डॉक्टरांचे डोळे अर्धे मिटलेले होते.

"उघडे आहेत," ती म्हणाली. "हसून हसून बारीक झालेत."

"दात दिसतात?"

"सगळे. दातांचेच डॉक्टर आहेत, सर. मान मागे गेलीय त्यांची, खुर्ची हलतेय की काय असं वाटतं. त्यांना पुष्कळ दिवसांनी हसू आलंय असं दिसतं."

सरांचा चेहरा उजळला. ते आधी गालात हसले, मग मोठ्याने, गुडघ्यावर थाप मारून. "बघ," ते म्हणाले, "मी काढला असता तर अगदी असाच आला असता."

धाकटीने प्रिंट पालथा करून मांडीवर ठेवला. एवढं सगळं खोटं बोलून झाल्यावर आता तिला फक्त खरं तेच बोलायचं होतं.

"हो सर," ती म्हणाली, "तुम्ही काढला असता तर असाच आला असता."